हकीमसाबांच्या खलातली काळी वडी

मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं तेव्हा चौतीस वर्षांची होते. जालन्यातल्या एका महाविद्यालयात दहा वर्षं पदार्थविज्ञान शिकवून झालं होतं आणि हे काम दोन वर्षांत उरकेल अशी माझी पक्की समजूत होती. माझे यजमान बदनापूरला शेतकी केंद्रात तुरीच्या वाणांवर काम करायचे, सकाळच्या गाडीने जायचे, संध्याकाळच्या गाडीने यायचे. एक वाण शेतकऱ्याच्या हातात पडायला दहा-बारा वर्षं जातात हे त्यांना ठाऊक होतं. माझी दोन वर्षं त्यांनी ऐकून घेतली. फक्त विचारलं, "पेरणी कधी?"

विषय औरंगाबादच्या विद्यापीठातल्या माझ्या मार्गदर्शकांनी सुचवला होता. नव्वदच्या दशकाचा मधला काळ होता आणि जगभरच्या प्रयोगशाळांत मँगॅनीजच्या ऑक्साइडांची चलती होती. लँथॅनम, कॅल्शियम आणि मँगॅनीज यांची संयुगं ठरावीक प्रमाणात एकत्र भाजली की एक काळा, दिसायला अगदीच सामान्य स्फटिकी पदार्थ तयार होतो. साध्या तापमानाला तो अर्धवाहकासारखा वागतो. म्हणजे वीज वाहून नेतो, पण कुरकुरत. आणि थंड करत जावं तशी ती कुरकुर वाढत जाते. शून्याखाली वीस-पंचवीस अंशांच्या आसपास मात्र त्याचा स्वभाव पालटतो. विजेला होणारा विरोध चढायचा थांबतो आणि उतरू लागतो, आणि त्याच सुमाराला तो लोहचुंबकाकडे ओढला जायला लागतो. या दोन गोष्टी बरोबरीनेच का घडतात, याचा मला अभ्यास करायचा होता. निदान अर्जात तसं लिहिलं होतं. खरं सांगायचं तर मला तो आलेख काढायचा होता, डोंगरासारखा चढणारा आणि शेंड्यावरून उतरणारा. एका परदेशी नियतकालिकाच्या झेरॉक्समध्ये मी तो पाहिला होता आणि एखादीला दुसरीची साडी आवडावी तसा तो मला आवडला होता.

कागदावर कृती सोपी होती. तीन पुड्या मोजून घ्यायच्या, तासन् तास घोटायच्या, भाजायच्या, पुन्हा घोटायच्या, पुन्हा भाजायच्या, शेवटी दाबून चार आण्याच्या नाण्याएवढी वडी करायची आणि ती हजार-बाराशे अंशांवर पक्की करायची. अडचण पहिल्याच पायरीवर आली. आमच्याकडे चिनीमातीचे खल होते. त्यांत काही तास घोटलं की खलाचाच कण कण पुडीत उतरतो. मला अगेटचा खल हवा होता. अगेट म्हणजे आपला अकीक, अंगठीत घालतात तो दगड. मी रीतसर खरेदीचा अर्ज केला. तीन आठवड्यांनी तो परत आला, खाली लाल शाईत शेरा होता: 'खलबत्त्यासाठी गृहविज्ञान विभागाशी संपर्क साधावा.' मी संपर्क साधला. त्या विभागाच्या प्रमुख बाईंनी मला त्यांचा लोखंडी खलबत्ता काढून दाखवला आणि यात जायफळ फार छान कुटलं जातं असं मनापासून सांगितलं.

आमच्या प्रयोगशाळेतले सहायक माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे होते आणि मी त्यांना भाऊ म्हणायचे. माझा चेहरा बघून ते म्हणाले, "मॅडम, नदीच्या पलीकडं जुन्या जालन्यात एक हकीमसाब हायेत. त्यांच्याकडं अकीकाचा खरल हाये. मी वडलांसंगं गेल्तो तव्हा बघितल्ता."

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी गेले. दवाखाना म्हणजे रस्त्याकडेची एक लांबट खोली. एका भिंतीला छतापर्यंत छोटे लाकडी खण, प्रत्येकावर उर्दूत चिठ्ठी. हकीमसाब सत्तरीचे होते. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिच्या जागी दोरा, आणि तो दोरा कानामागे घेण्याची त्यांची एक खास ढब होती. घरात ते उर्दू बोलायचे, रोग्यांशी मराठी, आणि दोन्ही इतक्या सावकाश की रोगी निम्मा तिथेच बरा होत असावा. मी माझी ओळख सांगितली, काम सांगितलं, आणि खल दोन महिन्यांसाठी मिळेल का असं विचारलं.

त्यांनी खल कपाटातून काढून माझ्यासमोर ठेवला. मधाच्या रंगाचा, आत राखाडी वलयं असलेला, हात लावला की गार. त्यांच्या वडलांनी हैदराबादहून आणलेला होता. मला तो पाहू दिला आणि मग आपल्याकडे ओढून घेतला.

"बाई, हा खरल या खोलीच्या बाहेर जात न्हाई. माझ्या सख्ख्या भावानं मागितला, त्याला दिला न्हाई. तुम्हाला घोटायचं असेल तर इथं बसून घोटा."

मला वाटलं, ही नकार देण्याची सभ्य रीत आहे. तसं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गेले तर खिडकीजवळ एक बुटकं स्टूल आणि त्यावर घडी घातलेली चादर तयार होती.

अशी मी रोज चार ते सहा हकीमसाबांच्या दवाखान्यात बसू लागले. साडीचा पदर खोचून, मांडीवर जुना टॉवेल, टॉवेलावर खल. पहिले दोन दिवस रोग्यांनी मला नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी एका म्हातारीने माझ्यासमोर गुडघा उघडा करून ठेवला. मी सांगितलं की मी हकीम नाही, कॉलेजात शिकवते. ती म्हणाली, असू दे, पण शिकल्या-सवरल्या आहात तर बघा. आठवडाभरात गावात पसरलं की हकीमसाबांनी बायकांसाठी बाई ठेवली आहे. माझ्या एका विद्यार्थिनीची आई तर पोटाच्या तक्रारीसाठी थेट कॉलेजच्या स्टाफरूममध्ये आली.

हकीमसाबांना याची गंमत वाटायची, पण ते हसायचे नाहीत. नुसता दोरा कानामागे घ्यायचे. त्यांना माझ्या पुडीचं कुतूहल होतं. ही कोणत्या रोगावर, असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं. मी म्हटलं, कोणत्याच नाही. मग कोणाला देणार? कोणालाच नाही, मी ती खूप थंड करणार आणि तिच्यातून वीज किती जाते ते बघणार. नंतर माझ्या पुड्या ठेवायला त्यांनी भिंतीतला एक रिकामा खण दिला, कारण लँथॅनमचं ऑक्साइड दमट हवेत पाणी धरतं आणि कॉलेजच्या कपाटात ओल यायची. खणावर त्यांनी स्वतःच्या हाताने उर्दू चिठ्ठी चिकटवली. मला वाटलं माझं नाव असेल. पुढे औषध घ्यायला आलेल्या एका शिक्षकांनी मला ती वाचून दाखवली: 'कोणत्याही रोगाची दवा नाही.'

घोटणं चाललं होतं तोवर मला दुसरी सोय बघायची होती. वडी थंड करायला द्रव नायट्रोजन हवा होता. विद्यापीठातून आणायचा तर औरंगाबादहून जालन्याला येईतो निम्मा उडून जायचा. मी शेतकऱ्याची मुलगी आहे, माहेर भोकरदनकडचं, पिंपळगाव रेणुकाईचं. एका रविवारी वडलांशी बोलताना त्यांच्या गाईला रेतन करायला डॉक्टर आल्याचा विषय निघाला, आणि मला एकदम आठवलं की वळूच्या वीर्याच्या नळ्या ज्या मोठ्या डब्यात ठेवतात, त्यातून पांढरी वाफ निघते. ती वाफ म्हणजे तोच नायट्रोजन. तो जालन्यातच, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर, जनावरांच्या दवाखान्यात होता.

तिथले डॉक्टर तरुण आणि हौशी होते. पंधरा दिवसांनी डबे भरायला गाडी येते, त्याआधी जुना थोडा उरतो, तो न्या, असं ते म्हणाले. मग दर पंधरा दिवसांनी सकाळी मी थर्मास घेऊन तिथे रांगेत उभी राहू लागले. माझ्या पुढे म्हैस, मागे कालवड. रांगेतल्या माणसांना माझं काय काम ते कळेना. एकजण फार वेळ माझ्याकडे आणि थर्मासकडे बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "बाई, जनावर कुठंय तुमचं?"

मी म्हटलं, जनावर नाही. त्यांनी थर्मासकडे पाहिलं आणि समजल्यासारखी मान हलवली. पुढच्या महिन्यात माहेरून निरोप आला की लेक जालन्याहून चोरून भारी वळूचं बी नेऊन राह्यली असं पिंपळगावात बोललं जातंय, आणि खरं असेल तर एक नळी चुलत्यांसाठीही ठेवावी.

थर्मासचं झाकण घट्ट लावता येत नाही, लावलं तर आतल्या वायूने तो फुटेल. म्हणून तोंडाला कापसाचा सैल बोळा. पहिल्यांदा रिक्षात बसले, रिक्षा खड्ड्यातून गेली, आणि बोळ्यातून पांढरं धुकं निघून माझ्या पायांवरून रिक्षावाल्याच्या सीटखाली गेलं. त्याने रिक्षा थांबवली, किल्ली काढली, उतरून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला आणि तिथून मला उतरायला सांगितलं. पुढे मी चालत जायची सवय करून घेतली.

आता इथे मला एक कबुली द्यायची आहे. मार्गदर्शकांनी स्पष्ट सांगितलं होतं की मिश्रण भाजायचं, घोटायचं, पुन्हा भाजायचं, आणि हे तीन-चार वेळा करायचं. मी एकदाच केलं. भट्टी सकाळी सहाला लावायची, संध्याकाळी बंद करायची, मधे वीज गेली की सगळं वाया. त्यात दोन प्रयत्न आधीच गेले होते. मनगट दुखत होतं. एक भाजणी धड पार पडली, रंग काळा आला, आणि मला वाटलं, काळं ते काळं. वड्या दाबल्या, पुन्हा एकदा भट्टीत घालून पक्क्या केल्या, एकीला चांदीच्या लुकणाने चार तारा लावल्या आणि एका रविवारी सकाळी मोजमाप ठेवलं. यजमान बघायला आले. येताना पेढे घेऊन आले.

भाऊ मीटरवरचा आकडा वाचत होते, मी तापमान बघून लिहीत होते. वडी हळूहळू थंड होत गेली. विरोध वाढत गेला. शून्य आलं, वाढतच होता. उणे वीस आलं, उणे तीस आलं. मी मान वर करून भाऊंकडे पाहिलं. वाढतच होता. उणे साठाच्या पुढे तो इतका वाढला की आमच्या मीटरला तो मोजता येईना. शेंडा नव्हता, उतार नव्हता. माझा तो डोंगर नुसताच चढत छताला जाऊन भिडला. सहा महिने खर्चून मी एक कुठलाही साधा अर्धवाहक तयार केला होता.

पेढे आम्ही खाल्ले. यजमान घरी येताना म्हणाले की बी उगवलं नाही तर आम्ही आधी पेरणी कशी केली ते तपासतो. मला ते लागलं, कारण मला पेरणी कशी केली ते माहीत होतं. म्हणून मी दुसऱ्या कुणाला तरी धरायचं ठरवलं. आधी भट्टीला धरलं, मग मीटरला, मग नायट्रोजनला. मी खरोखर जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले आणि त्यात काही मिसळलेलं असू शकतं का, असं गंभीरपणे विचारलं.

ते म्हणाले, "मॅडम, डब्यात नायट्रोजनच आहे. वळू नळीत आहे, आणि नळी बंद आहे."

त्या संध्याकाळी मी हकीमसाबांकडे गेले ते खल शेवटचा धुवून ठेवून आभार मानायला. विषय बदलून मागायचा, असं मनात ठरलं होतं. त्यांनी मला नीट बघितलं आणि चहा मागवला. काय झालं ते मी सांगितलं, मीटरपासून वळूपर्यंत सगळं. त्यांनी सगळं ऐकून झाल्यावर एकच विचारलं.

"किती आंच दिल्या?"

मी म्हटलं, एकच भाजणी.

त्यांनी कप खाली ठेवला. मग आपल्या कुश्त्यांबद्दल बोलू लागले. धातू जाळून औषध करतात त्याला ते कुश्ता म्हणत. भाजायचं, निवू द्यायचं, घोटायचं, पुन्हा भाजायचं; त्यांचे वडील प्रत्येक आंचेला खडूने भिंतीवर रेघ ओढायचे आणि रेघा पुऱ्या होईतो खणात काही जायचं नाही. लहानपणी यांनी एकदा जल्दी केली होती, दोन रेघा जास्त ओढून ठेवल्या होत्या. वडलांनी पुडी बोटांत घेतली, चोळली आणि ती नालीत ओतली.

"त्यांना कसं कळलं?" मी विचारलं.

"बोटाच्या रेषांत भरली न्हाई." हकीमसाब म्हणाले. "बाई, तुमची विद्या वेगळी, माझी वेगळी. पण एका आंचेत दोन चीजा एकमेकींत जात न्हाईत. नुसत्या शेजारी बसतात."

मला हसू आलं नाही, आणि रागही आला नाही. पुढच्याच आठवड्यात विद्यापीठातून क्ष-किरणांचा तक्ता आला. त्यातही तेच होतं. माझ्या वडीत बरंचसं लँथॅनम सुटंच राहिलं होतं. मार्गदर्शकांनी त्या रेषेभोवती पेन्सिलीने गोल काढला होता आणि बाजूला काही लिहिलं नव्हतं. हकीमसाबांनी निदान चहा दिला होता.

मी सगळ्या वड्या फोडल्या. पक्क्या झालेल्या वड्या फोडून पुन्हा पीठ करणं हे पहिल्यांदा घोटण्याच्या दुप्पट कष्टाचं आहे. पुढचे दोन महिने मी पुन्हा त्या स्टुलावर होते. घोटून झालं की हकीमसाब चिमूटभर मागून घ्यायचे, अंगठ्याने तर्जनीवर चोळायचे, खिडकीच्या उजेडात बोट धरायचे आणि म्हणायचे, "अजून." ती चिमूट मी टाकून द्यायचे. मार्गदर्शकांना या चाचणीबद्दल मी आजवर सांगितलेलं नाही. रविवारी भट्टी, आठवडाभर खल, पुन्हा रविवारी भट्टी. दोनदा वीज गेली, ते दोन रविवार मोजले नाहीत. चौथ्या भाजणीआधी त्यांनी बोट जरा जास्त वेळ उजेडात धरलं आणि 'अजून' न म्हणता आत नमाजाला निघून गेले. मी ते 'हो' समजले.

प्रबंधात या दोन महिन्यांचं एकच वाक्य आहे: मिश्रण चार वेळा भाजून प्रत्येक वेळी अगेटच्या खलात घोटण्यात आलं.

दुसऱ्या मोजमापाला मी यजमानांना बोलावलं नाही. पेढ्यांचा प्रश्न होता. मी आणि भाऊ, दोघंच. विरोध वाढू लागला आणि मी लिहीत राहिले, मान खाली घालून. शून्याखाली गेलो. मग भाऊंच्या आवाजात काहीतरी झालं. ते तोच आकडा पुन्हा वाचत होते. मग म्हणाले, "मॅडम, कमी व्हायलाय."

मला वाटलं तार सुटली. वडी गरम होऊ दिली, तारा तपासल्या, पुन्हा थंड केली. पुन्हा तिथेच, उणे पंचविसाच्या जरा इकडे-तिकडे, आकडा थबकला, आणि उतरू लागला. तिसऱ्यांदाही तेच. उणे शंभराच्या खाली तर माझी काळी वडी विजेला इतकी मोकळी वाट देत होती की आदल्या वडीची मला कीव आली. भाऊंनी मीटरला हात जोडले. मी आलेखाच्या कागदावर टिंबं मांडली. शेंडा झेरॉक्समधल्याइतका सुबक नव्हता, जरा बसका होता, पण होता.

थर्मासात थोडा नायट्रोजन उरला होता. तो तसाच घेऊन मी नदी ओलांडून चालत गेले. पर्समध्ये दुसरी वडी, आणि जुन्या स्पीकरमधून काढलेला चुंबक.

दवाखान्यात चार-पाच रोगी होते. मी हकीमसाबांना म्हटलं, औषध बघा. त्यांनी रोगी थांबवले. स्टीलच्या वाटीत नायट्रोजन ओतला तसं धुकं टेबलावरून खाली उतरलं आणि बाकावरच्या बायकांनी पाय वर घेतले. आधी मी वडी तशीच चुंबकाला लावून दाखवली. तिने ओळखही दाखवली नाही, खाली पडली. मग ती चिमट्याने वाटीत बुडवली, उकळणं थांबेपर्यंत ठेवली, काढली आणि चुंबकाजवळ नेली. ती चिमट्यातून सुटून स्वतःच जाऊन चिकटली. मी चुंबक उलटा धरला. वडी लटकत राहिली. हवेतला ओलावा तिच्यावर पांढरा जमत गेला, आणि मग थोड्या वेळाने, कुणी हात न लावता, वडीने चुंबक सोडला. खालच्या पितळी ताटलीत टक् असा आवाज झाला.

हकीमसाब म्हणाले, "पुन्हा."

नायट्रोजन संपेपर्यंत पुन्हा केलं. सहाव्या की सातव्या वेळेला ते ताटलीकडे न बघता माझ्याकडे बघू लागले. थंडीत धरते आणि गरमीत सोडते, असं का, असं त्यांनी विचारलं. हा प्रश्न मला इतक्या महिन्यांत कुणीच विचारला नव्हता, मी स्वतःसुद्धा नाही.

मी सांगायचा प्रयत्न केला. यातल्या इलेक्ट्रॉनांना जायला रस्ता आहे, पण ते एकमेकांना फार टाळतात. शेजारच्या अणूवर आधीच कुणी असेल तर तिथे दुसरा जात नाही, दोघांचं एका जागी पटत नाही. म्हणून पुस्तकाच्या साध्या हिशेबाने जी वीज जायला हवी, ती जातच नाही. कॅल्शियम घातलं की काही जागा रिकाम्या होतात. तरीही एका जागेवरून दुसरीकडे जायचं तर दोन्ही अणूंचे चुंबक एका दिशेला असावे लागतात, नाहीतर पाऊल उचलत नाही. थंडीत ते सगळे एका दिशेला लागतात. म्हणून वडी चुंबकाला धरते, आणि म्हणूनच वाटही मोकळी होते.

"म्हणजे तोंडं एका दिशेला झाली की रस्ता खुलतो."

"हो."

"आणि गरमीत ज्याचं तोंड तिकडं."

"हो."

त्यांनी चष्म्याचा दोरा कानामागे घेतला. "बराबर आहे. आमच्या घरात मे महिन्यात असंच होतं." आणि मग बाकावरच्या पहिल्या रोग्याला हाक मारली.

प्रबंध पुरा व्हायला आणखी साडेचार वर्षं लागली. एकूण साडेपाच. यजमानांनी हिशेब सांगितला नाही, त्यांचा एक वाण मात्र दरम्यान शेतकऱ्यांपर्यंत पोचला. तोंडी परीक्षेला ते रजा काढून माझ्याबरोबर औरंगाबादला आले, मागच्या रांगेत बसले, आणि सुरुवातीच्या दहा मिनिटांत त्यांना झोप लागली हे मी व्यासपीठावरून बघितलं. बाहेरून आलेले परीक्षक दक्षिणेकडचे, वयस्कर, फार मृदू बोलणारे होते. त्यांनी माझा आलेख बराच वेळ समोर धरला आणि विचारलं की शेंड्याच्या वरच्या बाजूला, गरमीत, विरोध इतका जास्त कसा? नुसती तोंडं विस्कटली एवढ्याने तो इतका वाढायला नको.

मी रात्रंदिवस तयारी केली होती. तीन शोधनिबंधांतली तीन उत्तरं मला पाठ होती आणि तिन्ही एकमेकांत बसत नव्हती. मी म्हटलं, "सर, मला नक्की माहीत नाही."

ते म्हणाले, "मलाही नाही," आणि सही केली.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. यजमान बराच वेळ माझ्या प्रबंधाची प्रत मांडीवर ठेवून बसले होते. साडेपाच वर्षांत त्यांनी माझा एकही कागद कधी उघडला नव्हता. मीही त्यांचे तुरीचे अहवाल कधी उघडले नव्हते, तेव्हा फिटंफाट होती. आता त्यांनी मधलं एक पान उघडलं, आलेखावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "तू म्हणतेस ते एकमेकांना टाळतात. दिसत तर नाहीत. मग टाळतात हे कळलं कसं?"

मी त्यांच्याकडे बघितलं, चेष्टा आहे का ते पाहायला. चेष्टा नव्हती. मी त्यांच्या खिशातलं पेन घेतलं, वर्तमानपत्राच्या कडेला अणूंची रांग काढली आणि सुरुवात केली. करमाड गेलं. त्यांनी एक शंका काढली, ती बरोबर होती, म्हणून मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. बदनापूर आलं, फलाटावरच्या त्यांच्या ओळखीच्या कुणीतरी खिडकीतून हाक मारली, यांनी हात वर केला, पण मान कागदावरून काढली नाही. जालना आलं तेव्हा मी अजून कॅल्शियमपाशी होते. गाडी तिथे थांबते ती दोन-तीन मिनिटं. लोक उतरले, चढले, आणि आम्ही दोघं जालना सोडून परतूरच्या दिशेने निघालो आहोत हे कुंडलिका नदीचा पूल मागे पडल्यावर आमच्या लक्षात आलं.